विहिरीवरची न्याहारी

आमच्या विहिरीवर कोणी नवा माणूस आला की जांभळीच्या बुंध्याला टेकवून ठेवलेल्या एका काळ्याभोर वस्तूकडे त्याची नजर जाते. मध्ये खोलगट, काठाला पातळ, दोन बाजूंना दोन कड्या. "हे काय वं?" असे कोणी विचारले की मी सांगते, "आमचा तवा." आणि जरा थांबून पुढे सांगते, "कुळवाचा." बहुतेक जण हसतात. बायका जवळ जाऊन हात लावून बघतात.

ट्रॅक्टरच्या कुळवाला तवे असतात, हे तुम्हा शेतकरी घरातल्या मैत्रिणींना मी सांगायला नको. पण त्या तव्यावर खरोखरीच न्याहारी होते, आणि ती चांगली होते, हे मात्र सांगावेसे वाटते. त्यासाठी आधी थोडी घरची गोष्ट सांगायला हवी. तेवढी ऐकून घ्या.

आमचे गाव खटाव तालुक्यातले, येरळा नदीपासून दोन कोसांवर. जमीन मध्यम, पाणी बेताचे. १९७२ च्या दुष्काळानंतर सासऱ्यांनी खणलेली एक विहीर, तीच आमची लक्ष्मी. सासरे होते तोवर घर एक होते, चूल एक होती. ते गेल्यावर २०१४ साली आमची वाटणी झाली. जमीन अर्धी अर्धी झाली. ट्रॅक्टर आणि कुळव विकून पैसे वाटून घेतले. भांडी ओसरीवर मांडून एक तुला, एक मला अशी घेतली. त्यात घरातली मोठी लोखंडी कढई धाकट्या जावेच्या वाट्याला गेली आणि तांब्याचा हंडा माझ्या. आत्याबाईंचीही तशीच वाटणी झाली. एक महिना आमच्याकडे, एक महिना धाकट्याकडे. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण झाले ते असे.

विहीर मात्र वाटता येत नाही. म्हणून चार दिवस पाणी आमचे आणि चार दिवस भाऊजींचे, अशी पाळी ठरली.

वाटणीनंतर दुसऱ्याच वर्षी मधल्या बांधावरून कुरबूर सुरू झाली. आम्ही नांगरताना बांध कोरला, असे भाऊजींचे म्हणणे. आमच्या ह्यांचे म्हणणे, बांध होता तिथेच आहे. शब्दाने शब्द वाढत गेला. एक दिवस पारावर चार माणसांदेखत नको ते बोलणे झाले, आणि दोघा भावांचे बोलणे बंद झाले. आम्ही जावा पाणवठ्यावर भेटलो तर डोळ्यांनीच बोलायचो. पाळी बदलायच्या दिवशी, दिवस कासराभर वर आला की एकाने मोटारीच्या पेटीची किल्ली जांभळीच्या खिळ्याला अडकवायची आणि पाठ फिरवून चालू लागायचे. दुसऱ्याने मग येऊन ती काढून घ्यायची. दीड वर्ष असे चालले होते.

आता दुखण्याकडे येते. ह्यांना साखरेचा विकार २०१२ सालापासून. गोळ्या चालू. शेतीच्या विजेची तऱ्हा तेव्हा अशी होती की आठवडाभर दिवसा, तर पुढचा आठवडाभर रात्री. रात्रीचा आठवडा आला की थंडी असो, वारा असो, दहाच्या पुढे रानात जायचे आणि पहाटेपर्यंत दारे धरायची. सकाळची गोळी हे खिशातच ठेवत. उजाडले की पाटाच्या पाण्याबरोबर गिळत, आणि "एवढा सारा भिजवून जातो" असे म्हणत म्हणत घरी न्याहारीला यायला दहा वाजत.

२०१७ सालचा जानेवारी महिना. गव्हाला तिसरे पाणी चालू होते. त्या दिवशी पाळी संपणार होती, म्हणून शेवटचा वाफा भिजवायची ह्यांना घाई. आठाच्या सुमाराला मी भांडी घाशीत होते, तो दारात फटफटी थांबली. बघते तर भाऊजी. मागे हे बसलेले. तोंड पांढरेफटक, अंगातला सदरा घामाने ओला, आणि बाहेर तर दात वाजतील अशी थंडी. भाऊजी किल्ली घ्यायला विहिरीवर गेले, तर हे थारोळ्याला धरून बसले होते आणि भलतेच काहीतरी बोलत होते. थारोळ्यापासून विहिरीचा काठ चार पावलांवर. आमच्या विहिरीला अजूनही कठडा नाही.

भाऊजी विहिरीवर चहा करून पीत, म्हणून त्यांच्या पिशवीत गुळाचा खडा होता. तो त्यांनी ह्यांना चघळायला लावला, पाणी पाजले आणि जरा हुशारी आल्यावर गाडीवर घातले. मी "भाऊजी, आत या," म्हटले. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "दवाखान्यात न्या," एवढे माझ्याकडे बघून म्हणाले आणि गेले.

डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही खडसावले. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेतल्यावर वेळेवर पोटात अन्न गेले नाही तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस भ्रमल्यासारखा बोलतो. माणूस शुद्धीवर असेल तर ताबडतोब गूळ किंवा साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. ज्यांच्या घरी साखरेचा माणूस आहे आणि तो रानात राबतो, त्यांनी एवढे मनात पक्के धरावे. ह्यांच्या खिशात तेव्हापासून गुळाची पुडी असते.

आता प्रश्न आला न्याहारीचा. पहिले काही दिवस मी रात्रीच शिदोरी बांधून दिली. भाकरी, चटणी, कांदा. पण पहाटेपर्यंत भाकरी गारठून कडक व्हायची, कधी मुंग्या लागायच्या. आणि हे ती झाडाला बांधून ठेवायचे ते ठेवायचेच. गार शिदोरी कधी खाल्ली तरी चालते ना, म्हणून ती कधीच वेळेवर खाल्ली जात नाही. मग मी ठरवले की दिवस उगवायला आपणच रानात जायचे आणि तिथेच काहीतरी ऊन ऊन करून पुढ्यात ठेवायचे. ताटात वाफ निघत असली की पुरुषमाणूस खोरे टाकून येतो, हा माझा अनुभव.

पण करायचे कशात? रोजची कढई दोघांपुरती, आणि बारीक बुडाची. उघड्यावरच्या जाळाला ती टिकेना. एकीकडे करपायचे, एकीकडे कच्चे. तेव्हा मला जांभळीखाली गवतात पडलेले कुळवाचे दोन तवे आठवले. कुळव विकायच्या आधी त्याचे झिजलेले तवे बदलले होते, त्यातले हे दोन कोणी भंगारातही घातले नव्हते. मुळात बावीस इंची, झिजून वीस इंचांवर आलेले. वजन सहा-सात किलो. वाटणीत ते कोणी मोजले नव्हते, म्हणजे तसे पाहिले तर ते अजून दोघांचे होते. मी कोणाला न विचारता त्यातला एक उचलला.

कोणाला करून बघायचा असेल तर काही गोष्टी सांगते. कुळवाच्या तव्याला मध्ये चौकोनी भोक असते, त्यातून लोखंडी दांडा जातो. ते भोक बुजवावे लागते. वेल्डिंगवाल्याला सांगून त्या मापाची पट्टी वरच्या अंगाशी सपाट बसेल अशी जोडून घ्यावी आणि सांधा घासून गुळगुळीत करावा. खालून नुसते ठिगळ लावले तर वर खळगा राहतो आणि त्यात अन्न अडकते. तव्याचा काठ झिजून विळ्यासारखा धारदार झालेला असतो, तोही घासून बोथट करून घ्यावा. दोन बाजूंना कड्या लावून घ्याव्यात. वेल्डिंग झाल्यावर तवा आपोआप निवू द्यावा. तापलेल्या या पोलादावर गार पाणी पडले तर ते तडकू शकते. घरी आणल्यावर पाणी भरून रात्रभर ठेवावा, म्हणजे सांधा गळतो की नाही ते कळते.

मग तवा कसवायचा. आधी रिकामाच निखाऱ्यांवर चांगला भाजायचा, म्हणजे उरलासुरला रंग आणि वंगण जळून जाते. हे काम वाऱ्याच्या बाजूला उभे राहून करावे, तो धूर घेऊ नये. निवल्यावर वाळू आणि राख लावून नारळाच्या शेंडीने घासायचा, धुऊन कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि धूर निघेपर्यंत तापवायचा. असे चार-पाच वेळा केले की तवा काळा कुळकुळीत होतो. शेवटी मीठ आणि कांद्याच्या साली त्यावर परतून टाकून द्यायच्या. पुढे रोज वापरून झाला की धुऊन, शेकून, तेलाचे बोट लावून ठेवला की गंज चढत नाही. लोखंडाच्या भांड्यातल्या स्वयंपाकातून अंगाला थोडे लोहही मिळते, आंबट पदार्थ असला तर जास्तच. आपल्या बायकांना रक्त कमी असते, त्यांना ते बरेच. मात्र आंबट पदार्थ लोखंडात ठेवून देऊ नये, लगेच काढावा, नाहीतर काळा पडतो.

तवा घासताना मला माझ्या आजेसासऱ्यांची गोष्ट आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला. पुढे १९१० साली त्यांनी औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसवली. औंध आमच्याच तालुक्यातले. तरी आमच्याकडे लोखंडी नांगर यायला बरीच वर्षे लागली, कारण लोखंड जमिनीत घातले तर जमीन नासते, असा जुन्या लोकांचा समज. आत्याबाई सांगत, नांगर आला त्या दिवशी आजेसासूबाई जेवल्या नव्हत्या. आणि मी तर त्याच जातीचे लोखंड चुलीवर चढवून त्यात न्याहारी करायला निघाले होते!

चूल अगदी साधी. तीन मोठे दगड, त्यांवर घराच्या स्लॅबच्या उरलेल्या सळया जोडून केलेली जाळी, आणि जाळीवर तवा. सळई साधी काळी घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा पत्रा चुलीवर ठेवू नये. फार तापला तर जस्ताचा विषारी धूर निघतो. औषधाच्या रिकाम्या डब्याचा पत्राही नको. जळणाला बाभळीचे वाळके लाकूड सर्वांत चांगले, पेटवायला तुराट्या. कण्हेरीची काडी चुलीत घालू नये आणि तिने अन्नही हलवू नये, ती विषारी असते. कडब्याच्या गंजीपासून आणि पिकल्या गव्हापासून चूल लांब हवी. वारा कोणत्या अंगाचा आहे ते बघावे. आणि निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून वर ओली माती टाकल्याशिवाय पाऊल उचलू नये. जाळावर कधी शिजवायला लागू नये. जाळ बसून निखारा पडला की मगच तवा चढवावा.

आता पदार्थ. त्याला नाव नाही. आमच्याकडे पोरे त्याला 'तवाभर' म्हणतात. सहा-सात माणसांना पुरेल असे माप देते.

बटाटे पाऊण किलो, बोराएवढ्या फोडी करून. कांदे चार-पाच. पातीचा कांदा असला तर आणखी चांगले. ओल्या लसणाची मूठभर पात, हिरव्या मिरच्या सहा-सात. ओल्या हरभऱ्याचे सोलाणे दोन वाट्या. रात्रीच्या पाच शिळ्या भाकरी कुस्करून, वर ताकाचा हबका मारून. शेंगदाण्याचे कूट वाटीभर. गावठी अंडी आठ-दहा. तेल अर्धी वाटी, मोहरी, जिरे, हळद, मीठ, कोथिंबीर.

तव्याला मध्ये खोलगा असतो आणि तिथेच आच जास्त लागते. काठ त्या मानाने गार. साऱ्या करामतीचे मर्म हेच. मध्ये तेल घालून फोडणी करायची, बटाट्याच्या फोडी आणि मीठ टाकून परात झाकायची. दहा मिनिटांत फोडी मऊ होतात. त्या उलथन्याने काठाला सारायच्या. मग मध्ये मिरची, लसूण, कांदा, सोलाणे परतायचे आणि तेही काठाला. काठावरचे गरम राहते, पण करपत नाही. शेवटी सगळे मध्ये ओढून भाकरीचा कुस्करा आणि कूट घालून खालीवर करायचे. बुडाला जरा खरपूस लागू द्यायचे, ती खरवड सगळ्यांना हवी असते. मग रोपांना करतो तशी त्यात आठ-दहा आळी करायची, एकेका आळ्यात एकेक अंडे फोडायचे, वर चिमूट चिमूट मीठ टाकून पुन्हा परात झाकायची. चार-पाच मिनिटांनी कोथिंबीर पेरून तवा तसाच खाली घ्यायचा. साखरेच्या माणसाला बटाटा कमी आणि सोलाणे जास्त वाढावेत. आमच्या आत्याबाई माळकरी. त्यांचा डबा अंडी फोडायच्या आधीच वेगळा काढून ठेवायचा. चूल पेटल्यापासून पाऊण तासात न्याहारी पुढ्यात.

पहिल्यांदा हा तवा चढवला तो दिवस पाळी बदलायचा होता. दिवस नुकताच वर येत होता. गव्हावर दहिवर पडलेले. मी दोघांपुरते करायला गेले, पण एवढ्या मोठ्या तव्यात दोघांपुरते होतच नाही. थोडे घातले तर ते कोरडे पडून जळते. भरून केले तरच नीट होते. त्यामुळे तवा भरला. हे हातपाय धुऊन आले आणि बसले. गोळी खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत ऊन घास पोटात जायची ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात भाऊजी आले. किल्ली खिळ्याला होती. ह्यांनी मान खाली घातली. भाऊजींनी किल्ली काढली, पण लगेच निघाले नाहीत. मी म्हटले, "भाऊजी, बसा की. पुष्कळ आहे."

"नको वयनी, झालंय माझं."

झालेले नव्हते. आत्याबाई त्या महिन्यात त्यांच्याकडे होत्या आणि इतक्या सकाळी त्या घरात चूल पेटत नाही, हे मला ठाऊक होते. मी अधिक आग्रह केला नाही. एका भाकरीवर दोन अंडी आणि तव्यातला चांगला खरपूस भाग काढला आणि नेऊन मोटारीच्या पेटीवर ठेवला. "कावळं खात्याल," एवढेच म्हटले आणि परत चुलीपाशी येऊन बसले.

भाऊजींनी मोटार चालू केली. आमच्याकडे पाठ करून पेटीजवळ उभ्या उभ्या खाल्ले. खाऊन झाल्यावर हात धुतले आणि पाटाने निघून गेले. हे काही बोलले नाहीत. मीही नाही.

चार दिवसांनी पाणी आमच्याकडे आले. जांभळीच्या खिळ्याला किल्ली होती आणि किल्लीशेजारी फडक्यात बांधलेली सहा अंडी. आमच्या कोंबड्या त्या वेळी अंड्यावर नव्हत्या, हे जावेला ठाऊक असणार. मी ती त्याच दिवशी तव्यावर फोडली.

असे सात-आठ वेळा झाले असेल. कधी अंडी, कधी सोलाण्याचे डहाळे, कधी पातीची जुडी. भाऊजी पेटीवरून खाली आले आणि थारोळ्यावर बसून खाऊ लागले. पाठ तेवढी आमच्याकडे. आणि एक दिवस खाता खाता मान वळवून त्यांनी तव्याकडे नीट बघितले. कड्या बघितल्या, मधली चौकोनी पट्टी बघितली. माझ्या पोटात गोळा आला. न विचारता उचललेली वस्तू, आता यावरून नवे भांडण.

"दादा," ते म्हणाले, "ह्यो आपल्या कुळवाचा तवा न्हवं?"

हे म्हणाले, "व्हय."

"पुढच्या बाजूचा का मागच्या?"

"मागच्या. पुढचं कातऱ्याचं हुतं."

दोन वर्षांनी दोघे भाऊ बोलले ते एवढे. त्या दिवशी बाकी काही नाही. पण पुढच्या पाळीला भाऊजी स्वतःच चुलीपाशी बसले आणि "वयनी, लाकूड वलं हाय, उद्या मी बाभळ आणतो," म्हणाले.

मैत्रिणींनो, एका न्याहारीने भांडण मिटले, असे मी म्हणणार नाही. बांधाचा वाद तसाच होता. पण बोलणे चालू झाल्यामुळे एक झाले. कोर्टात जायच्या ऐवजी दोघांनी मिळून सरकारी मोजणीचा अर्ज केला. पैसे निम्मे निम्मे भरले. २०१८ सालच्या उन्हाळ्यात मोजणी झाली, खुणा रोवल्या गेल्या. बांध भाऊजींच्या बाजूला दीड हात सरकलेला निघाला. म्हणजे चूक आमची होती.

त्या रात्री हे जेवले नाहीत. मला वाटले, आता पुन्हा सुरू. नांगरणारा परका होता, रात्रीची नांगरट होती, कसे झाले ते देव जाणे, पण पारावर मोठ्या आवाजात बोलले होते ते हेच. पहाटे उठून बसले आणि म्हणाले, "पेटीवर ठेवल्यालं त्यानं खाल्लं. म्या असतो तर खाल्लं नसतं." मग सकाळी स्वतः खोरे घेऊन गेले आणि जुना बांध मोडून खुणेवर नवा घातला. भाऊजी मागून आले आणि दुसऱ्या टोकाकडून माती ओढू लागले. दुपारपर्यंत बांध झाला. मी त्या दिवशी न्याहारी दोनदा केली.

आत्याबाई २०२१ साली गेल्या. शेवटची दोन वर्षे महिन्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. त्यांना वाटेल त्या घरी त्या राहत. थंडीत ऊन वर आल्यावर त्यांना विहिरीवर आणून बसवत असू. अंड्याआधीचा त्यांचा डबा वेगळा काढायची सवय मला इतकी लागली आहे, की अजून अंडी फोडायच्या वेळी हात थांबतो.

भाऊजींचा मुलगा शेतकी शाळेत शिकला. त्याने एकदा मोबाईलवर चित्रे दाखवली. दूर अमेरिका खंडात, मेक्सिको देशाच्या उत्तर भागात, शेतकरी लोक नांगराच्या झिजलेल्या तव्यावर उघड्या रानात असेच अन्न शिजवतात. त्यात मांस, कांदा, मिरची घालतात आणि त्या प्रकाराला 'दिस्काडा' म्हणतात. अर्जेंटिनातही नांगराच्या तव्यावर स्वयंपाक करायची रीत आहे. तिथेही चारचौघे भोवती बसल्याशिवाय तो तवा चढत नाही म्हणे. मला वाटले होते, ही युक्ती आपलीच. पण झिजलेले लोखंड टाकवत नाही आणि रानात भूक लागते, या दोन गोष्टी जगभर सारख्याच असणार.

चुली आमच्या अजून दोन आहेत आणि त्या दोनच राहतील. जावेचे आणि माझे अधूनमधून वाजते. ती मोठी कढई मला हवी होती, हे मी अजून विसरले नाही आणि तिलाही ते ठाऊक आहे. पण घरातले अन्न दाराआड असते आणि शिदोरी ज्याची त्याची बांधलेली असते. रानात पेटवलेल्या चुलीचे तसे नसते. वास बांधाच्या पलीकडे जातो. जवळ आलेल्या माणसाला बस म्हणावेच लागते, आणि त्यालाही फार वेळ नाही म्हणता येत नाही.

यंदाच्या थंडीत एक दिवस गहू भिजवताना आम्ही सारे विहिरीवर होतो. पोरांनी तवा पुसून खाल्ला होता. गवतातला दुसरा तवा अजून तसाच पडून आहे. त्याच्याकडे बघत जाऊ म्हणाली, "अक्का, त्यो वेल्डिंगवाला कुठं बसतो? ह्योबी करून घेऊ म्हणते."

मी म्हटले, "कशाला गं? एकात होतंय की सगळ्यांचं."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोरं वाढायला लागली, अक्का. एकात आता पुरत न्हाय."

खरेच पुरत नाही. पुढच्या बाजारी दोघी जाऊन तो तवा देऊन येणार आहोत. जाळी मात्र मोठी करून एकच ठेवायची, असे ठरले आहे.